रुग्ण ऐकत नाही

एकतीस वर्षं मी लोकांना झोपवलं.
मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, हाडांच्या वॉर्डात,
गादी काढून फळी टाकायची,
पायाला वजनं, पलंगाचा पायथा विटांवर,
आणि सांगायचं, हलायचं नाही.
कूस बदलायची तर मला हाक मारा.
माझ्या आवाजाला तेव्हा इस्त्री होती.

आता सत्तरीला दोन कमी.
कमरेत, साडीची गाठ बसते तिथं,
कुणीतरी ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळून
ती सुकायची वाट बघत बसलंय.
मला जे येत होतं ते मी केलं.
फळी मागवली. दोन हिवाळे आढ्याकडे बघितलं.
केसांची एक पिन पडली होती पलंगाखाली,
तीन दिवस तिथंच होती.
रोज बघायचे. वाकायचे नाही.

फिजिओची पोरगी, तौसिफा, पंचविशीची असेल,
फोटो उजेडाला धरून म्हणाली,
मावशी, केस पिकले तसा मणका पिकलाय, एवढंच.
चालायला लागा.
दुखलं तर?
दुखेल. दुखणं म्हणजे मोडणं नव्हे.
मला राग आला.
तुझी आई शाळेत होती तेव्हापासून, म्हटलं, मी हे काम करते.
ती हसली आणि माझी चप्पल माझ्यासमोर सरकवली.

पहिल्या दिवशी डेअरीच्या पाटीपर्यंत.
परत येताना तीन पायऱ्यांवर बसले,
कुणाच्या होत्या तेही ठाऊक नाही.
आठवड्यानं सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी.
भोपळे पालथे, उन्हाला टेकलेले,
आणि बाबालाल, माझ्याच वयाचा, घोडी घासता घासता,
वर न बघता, "आज उशीर?"
तो गोणपाटावरून तीन हप्त्यांत उठतो:
हात गुडघ्यावर, हात भिंतीवर, मग अल्लाचं नाव.
मी येशूचं घेते.
कमरेला दोन्ही चालतात.

बरी झाले नाही. खोटं कशाला सांगू.
काही सकाळी मोजे घालणं म्हणजे डोंगर,
आणि पाऊस भरून आला की ती पट्टी आवळते.
पण पिन मी उचलली. माझी मी.
सुनेला दाखवली तर ती म्हणाली, बरं.

आणि चालता चालता, खंदकाच्या वळणावर,
कधीतरी मागून पावलं येतात.
अनवाणी, जपून टाकलेली.

सिदू ऐवळे. पलंग अकरा.
सांगलीच्या हळद बाजारातला हमाल,
तळहाताच्या रेघा पिवळ्या, उशीचा अभ्रा पिवळा.
रात्री अडीचला वजनं सोडून,
नीट पलंगाखाली मांडून ठेवून,
व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता.
"सिस्टर, पडून जास्त दुखतंय.
चाललं की कंबर गप बसती."
मी दंडाला धरून आणला.
वजनं पुन्हा बांधली, गाठ दोनदा तपासली,
आणि केसपेपरवर लाल शाईनं लिहिलं,
रुग्ण ऐकत नाही.

मग ऐकलं त्यानं. सहा आठवडे.
गेला तेव्हा पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या,
दोन पोरांनी टांग्यात उचलून ठेवला,
आणि त्यानं मला हात जोडले.
मला.

पुस्तकात तसंच होतं तेव्हा.
डॉक्टरही तसंच सांगायचे.
हे मी बाबालालला सांगितलं.
तो म्हणाला, तार चुकीची लावली तर
वाजवणाऱ्याला कळतं आधी,
आणि फुंकर मारून भुसा उडवला.
माझ्या साडीवर आला थोडा.

आज कृष्णाघाटाच्या रस्त्यानं निम्म्यापर्यंत गेले.
दोनदा थांबले. एकदा उगाच, पाणी बघायला.
घरी येऊन लाल पेन शोधलं, मिळालं नाही,
नातीचं हिरवं घेतलं.
कॅलेंडरच्या आजच्या चौकोनात,
गॅस लावल्याच्या नोंदीखाली, बारीक अक्षरात लिहिलं:

पलंग अकरा. रात्री अडीच.
रुग्ण चालतोय.
व्हरांड्यातला दिवा चालू ठेवला आहे.